पत्रे उतरले, पण घर मोकळे झाले काय?

आपल्या असोसिएशनच्या वार्षिक स्मरणिकेत बाजारभाव, बाजार समितीचे नियम, कर, वजनमापे इत्यादि विषयांवर जाणकारांचे लेख दरवर्षी येत असतात. प्रस्तुत लेखकाचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, आणि उभे आयुष्य तूर, हरभरा व ज्वारीच्या घाऊक व्यापारात गेलेले. तो वैद्य नव्हे की अभियंता नव्हे. तरीही या वर्षी एका निराळ्या विषयावर लिहिण्याचे धाडस तो करीत आहे. कारण त्या विषयात त्याच्या हातून एकदा मोठी चूक घडली, आणि तीच चूक बिदर-कलबुर्गीकडील अनेक व्यापारी कुटुंबांत आजही नकळत घडत आहे. अ‍ॅस्बेस्टॉसचे सिमेंटी पत्रे काढून टाकल्यानंतर ते घर अथवा ती वखार पुन्हा वापरण्यास योग्य झाली की नाही, हे कसे ठरवावे व कोणी ठरवावे, हा तो विषय होय.

आपल्याकडील पत्रे

आपल्या भागात पूर्वी घरे माळवदाची असत, अथवा छतावर शहाबादी फरशी घातलेली असे. वखारींवर मात्र मोठे अंतर झाकावयाचे असल्यामुळे पत्रे आले. गेल्या शतकाच्या मध्यापासून हैदराबादेस तयार होणारे ‘चारमिनार’ छापाचे पत्रे आपल्या ओळखीचे आहेत. बिदर व गुलबर्गा हे जिल्हे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्याच मुलखात होते, त्यामुळे तेथील माल येथे सहज येई. लोखंडी पत्र्यापेक्षा हा पत्रा कमी तापे, गंजत नसे, पावसाचा आवाज कमी करी. व्यापाऱ्याला यापेक्षा अधिक काय हवे?

पुढे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. माळवदाच्या जड मातीखाली आणि दगडी भिंतींखाली माणसे झोपेतच गाडली गेली. त्या धक्क्याने भालकी, बसवकल्याण, आळंदकडील लोकांच्याही मनात जड छताची भीती बसली. अनेकांनी माती उतरवून हलके पत्रे घातले. त्या वेळी तो निर्णय शहाणपणाचाच होता. आता त्या पत्र्यांस तीस वर्षे होऊन गेली. ते काळे पडले, काठांवर भुरभुरू लागले, माकडांच्या उड्यांनी आणि वादळांनी तडकले. म्हणून ते काढून स्लॅब अथवा रंगीत लोखंडी पत्रे घालण्याची लाट सध्या आली आहे. काढण्याच्या या कामातच खरा धोका आहे.

हा पदार्थ काय आहे

अ‍ॅस्बेस्टॉस हे कारखान्यात बनविलेले रसायन नव्हे. ते खाणीतून निघणारे खनिज होय. दगड असूनही ते कापसासारखे पिंजता येते, हा त्याचा विशेष. ते जळत नाही, कुजत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी लुडविग हाटशेक नावाच्या ऑस्ट्रियन कारखानदाराने सिमेंट व हे तंतू पाण्यात कालवून त्याचे पातळ पत्रे काढण्याची रीत शोधली आणि ती जगभर पसरली. छपराच्या पत्र्यांत सामान्यतः शेकडा दहा ते पंधरा भाग पांढऱ्या जातीचा अ‍ॅस्बेस्टॉस असतो व बाकी मुख्यतः सिमेंट.

पत्रा शाबूत असेपर्यंत हे तंतू सिमेंटात बांधलेले राहतात. तो फोडला, घासला, करवतीने अथवा ग्राइंडरने कापला म्हणजे ते सुटतात. प्रयोगशाळेत जो तंतू मोजणीत धरतात, तो मिलिमीटरच्या दोनशेव्या हिश्श्याहून थोडा लांब असला तरी पुरे, आणि रुंदी तर तीन मायक्रॉनहूनही कमी. असा तंतू डोळ्यांस दिसत नाही, त्यास वास नाही, घशाला खवखवही होत नाही. श्वासावाटे तो फुप्फुसात खोल जातो व शरीरास तो विरघळवून टाकणे जमत नाही.

इंग्लंडातील रॉचडेल गावी अ‍ॅस्बेस्टॉसच्या गिरणीत काम करणारी नेली कर्शॉ नावाची तेहतीस वर्षांची स्त्री १९२४ साली वारली. तिच्या फुप्फुसांची तपासणी डॉ. विल्यम कुक यांनी केली व ते प्रकरण वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. तेथून या रोगाची शास्त्रीय ओळख पक्की होत गेली. पुढे १९६० साली दक्षिण आफ्रिकेत डॉ. वॅग्नर व त्यांचे सहकारी यांनी फुप्फुसाच्या आवरणाच्या मेसोथेलिओमा या कर्करोगाचा संबंध अ‍ॅस्बेस्टॉसशी जोडून दाखविला. त्यांच्या रुग्णांत केवळ खाणकामगार नव्हते. खाणींच्या परिसरात ज्यांचे बालपण गेले, असेही लोक त्यात होते. फुप्फुसे कडक होत जाणारा अ‍ॅस्बेस्टॉसिस, फुप्फुसाचा कर्करोग व हा मेसोथेलिओमा, असे तीन मुख्य रोग यातून उद्भवतात. विडी-सिगारेट ओढणाऱ्यास फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका कैक पटींनी वाढतो.

हे रोग आज श्वास घेतला व उद्या पडले, असे होत नाहीत. मध्ये वीस, तीस, चाळीस वर्षे जातात. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ रोजी दिलेल्या निर्णयात अ‍ॅस्बेस्टॉसच्या कारखान्यांनी प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरीच्या आरंभापासून चाळीस वर्षे अथवा निवृत्तीनंतर पंधरा वर्षे, यांपैकी जी मुदत नंतर संपेल तोपर्यंत ठेवावी, असे फर्माविले, ते याच कारणाने. कारखान्यातील कामगाराची नोंद तरी राहते. आपल्या वखारीत केर काढणाऱ्या बाईची नोंद कोण ठेवतो?

आमच्या हातून घडलेली चूक

आमच्या जुन्या घराचा पुढचा भाग शहाबादी छताचा व मागची दोन दालने सिमेंटच्या पत्र्यांची होती. त्यांपैकी एकात रिकामी पोती असत आणि दुसऱ्यात घरची मंडळी निजत असत. २०१३ च्या उन्हाळ्यात ते पत्रे काढून स्लॅब टाकण्याचे ठरले. कंत्राटदाराने माणसे लावली. त्यांनी गंजलेले बोल्ट सोडविण्याचा खटाटोप न करता हातोड्याने पत्रे फोडून खाली टाकले. आवाज झाला की आम्हीही कौतुकाने पाहत उभे. चार दिवस दालनांत करड्या धुळीचा थर होता. आमच्याकडे झाडलोट करणाऱ्या मावशींनी तो कोरड्या केरसुणीने झाडून काढला, आणि सूपभर कपच्या मागच्या बोळातील खड्ड्यात टाकल्या. स्लॅब पडला, चुना लागला. कंत्राटदार म्हणाला, “शेठजी, सगळे स्वच्छ झाले, आता खुशाल राहा.” आम्ही पैसे चुकते केले व राहावयास गेलो.

सात-आठ महिन्यांनी विजेचे काम करणारा कारागीर माळ्यावर चढला आणि त्याने मूठभर करडी कपची व भुकटी खाली आणून दाखविली. ती जुन्या भिंतीच्या माथ्यावर, माळ्याच्या फळ्यांवर व पंख्याच्या पात्यांवर तशीच होती. त्या दिवसांत आमचा पुतण्या मेलबर्नहून सुटीवर आला होता. तेथे तो इमारतींच्या कामावर देखरेख करतो. त्याने ती भुकटी पाहून पहिला प्रश्न केला, “काका, क्लिअरन्स कोणी दिला?” आम्हांस तो शब्दच ठाऊक नव्हता. “कंत्राटदाराने सांगितले,” असे म्हणताच तो गप्प झाला. मग म्हणाला, “ज्याने काढले, त्यानेच ‘स्वच्छ आहे’ म्हणावयाचे, हे तुमच्या अडतीत चालते काय?”

तो प्रश्न वर्मी लागला. आपल्या धंद्यात विकणारा एक, घेणारा एक आणि तोलणारा तिसरा असतो. बाजार आवारात तोलाईचे काम परवानाधारक तोलाऱ्याकडे असते, ते उगीच नव्हे. विकणाऱ्याने स्वतः तोलून दिलेले वजन आपण कधी मान्य करीत नाही. मग ज्या हवेत आपली नातवंडे निजणार, त्या हवेच्या बाबतीत आपण ते कसे मान्य केले?

वखारीत किडीकरिता गोळ्या ठेवतो, तेव्हा दार उघडून वारा खेळविल्यावर तो वायू निघून जातो. आमचा समज असा होता की, ही धूळही तशीच उडून गेली असेल. हे तंतू तसे नाहीत. ते खाली बसतात, आणि केरसुणी फिरली, पोते आपटले, पंखा लागला की पुन्हा उठतात. जोपर्यंत उचलून बाहेर नेले नाहीत, तोपर्यंत ते घरातच असतात.

परदेशांतील रीत

ब्रिटनमध्ये निळा व तपकिरी अ‍ॅस्बेस्टॉस १९८५ साली आणि पांढरा १९९९ साली बंद झाला. ऑस्ट्रेलियाने २००३ च्या अखेरीस संपूर्ण बंदी घातली. साठांहून अधिक देशांनी असे केले आहे. आपल्याकडे पांढऱ्या अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रे अद्याप बनतात व विकले जातात. परंतु ज्या देशांनी बंदी घातली, त्यांच्याही जुन्या इमारतींत तो भरलेलाच आहे. म्हणून काढल्यानंतरच्या तपासणीची एक पक्की रीत त्यांनी बसविली.

ब्रिटनमध्ये जेथे अ‍ॅस्बेस्टॉस भुसभुशीत स्वरूपाचा असतो, म्हणजे नळांवरील वेष्टन वगैरे, तेथे काम बंदिस्त तंबू उभारून करतात व नंतर तपासणी चार टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात कागदपत्रे व सभोवतालची जागा पाहतात आणि ठरलेले सर्व काम पुरे झाले काय, याची खात्री करतात. दुसऱ्यात तंबूच्या आत शिरून प्रत्येक पृष्ठभाग, कोपरा व फट बारकाईने डोळ्यांखालून घालतात. तिसऱ्यात हवा मोजतात. चौथ्यात तंबू काढल्यावर जागा पुन्हा एकदा पाहतात. चारही टप्पे पार पडल्यावरच ‘पुन्हा वास्तव्य करण्यास हरकत नाही’ असा लेखी दाखला मिळतो. दुसऱ्या टप्प्यात धूळ दिसली तर तिसरा टप्पा सुरूच करीत नाहीत, प्रथम पुन्हा सफाई करावयास लावतात. हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

हवेची मोजणी अशी होते. लहानशा पंपाने शेकडो लिटर हवा एका बारीक छिद्रांच्या गाळणीतून ओढतात. त्या वेळी खोलीतील पृष्ठभाग मुद्दाम झाडून बसलेली धूळ उठवितात, कारण शांत खोलीतील हवा नेहमीच स्वच्छ भासते. मग ती गाळणी पारदर्शक करून सूक्ष्मदर्शकाखाली तंतू मोजतात. एक मिलिलिटर हवेत ०.०१ हून कमी तंतू, म्हणजे एक लिटर हवेत दहाहून कमी, असा निकाल लागला तर जागा उत्तीर्ण. याचा अर्थ तंतू शून्य आहेत असा नव्हे. त्या पद्धतीने विश्वासाने मोजता येईल, इतकी ती खालची मर्यादा आहे.

सिमेंटी पत्र्यांसाठी ही सारी यंत्रणा लागतेच असे नाही. त्यांतील तंतू बांधलेले असतात, आणि छप्पर काढल्यावर जागा आभाळाला उघडी असते. उघड्यावर हवा मोजून फारसा बोध होत नाही. म्हणून अशा कामात डोळ्यांची पाहणी हीच मुख्य कसोटी मानतात. ऑस्ट्रेलियात दहा चौरस मीटरहून अधिक पत्रे काढावयाचे झाल्यास परवानाधारकच लागतो, आणि त्या कामाशी संबंध नसलेल्या जाणत्या व्यक्तीने पाहणी करून लेखी दाखला देईपर्यंत जागा वापरावयाची नाही, असा कायदा आहे. आमच्या पुतण्याने विचारले, ते हेच.

वजनाचा मेळ

काढणाऱ्याच्या शब्दावर विसंबून मोठी सरकारेही कशी फसतात, याचे एक उदाहरण आपल्याच देशाशी निगडित आहे. फ्रान्सने आपली ‘क्लेमांसो’ ही जुनी विमानवाहू नौका मोडण्याकरिता गुजरातेतील अलंगकडे पाठविली होती. तिच्यातील बराचसा अ‍ॅस्बेस्टॉस आधीच काढला आहे, असे सांगण्यात आले. पुढे काढल्याचे सांगितलेले वजन व कचराभूमीवर प्रत्यक्ष पोचलेले वजन यांचा मेळ बसेना, कित्येक टनांची तफावत निघाली. प्रकरण आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे होते. अखेर फेब्रुवारी २००६ मध्ये फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष शिराक यांनी ती नौका परत बोलाविली. आपल्यासारख्या व्यापाऱ्यास यातील धडा सहज कळावा. आवक आणि जावक जुळली नाही, तर माल कोठेतरी आहेच.

आपल्या घरी काय करावे

घरगुती पत्रे काढल्यावर असा दाखला घेतलाच पाहिजे, असे बंधन आपल्याकडे घरमालकावर नाही. भारतीय मानक ब्युरोची या मालाच्या सुरक्षित वापराविषयीची व कचऱ्याच्या विल्हेवाटीविषयीची मानके आहेत, परंतु गावच्या कंत्राटदाराने ती पाहिलेली नसतात. तेव्हा ही शिस्त आपणच लावून घेतली पाहिजे.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, पत्रा धड असेल, तडकलेला वा भुरभुरणारा नसेल, तर तो भीतीने काढण्याची घाई करू नये. तो घासू नये, त्यास छिद्रे पाडू नयेत, एवढे पुरे. काढणे भागच असेल तर पावसाळा संपल्यानंतर व नवी तूर येण्यापूर्वी, वखार रिकामी असताना काढावा. धान्य आणि रिकामी पोती आधीच हलवावीत. तागाच्या पोत्यात शिरलेली धूळ निघत नाही. धूळ बसलेली पोती पुन्हा वापरू नयेत. पत्रा साबणाचे थोडे पाणी शिंपडून ओला ठेवावा, बोल्ट सोडवून अथवा कापून तो अखंड उतरवावा. त्यावर माणूस चढवू नये. जुना पत्रा पायाखाली एकाएकी फुटतो, आणि वखारीच्या उंचीवरून पडणे म्हणजे प्राणाशी गाठ. कामकऱ्यांस कापडी रुमाल पुरत नाही, एफएफपी-३ दर्जाचे मुखावरण द्यावे. कामाचे कपडे त्यांच्या घरी जाऊ देऊ नयेत. कोरडी केरसुणी व घरगुती धूळ-ओढ यंत्र यांस सक्त मनाई असावी. केरसुणी तंतू उडविते, आणि साधे यंत्र ते एका बाजूने ओढून दुसऱ्या बाजूने खोलीत सोडते. हेपा गाळणीचे, याच कामासाठी केलेले यंत्र व ओली फडकी, एवढीच साधने योग्य.

यानंतर तपासणी. ती पुढील क्रमाने करावी.

(१) हिशोब. काम सुरू होण्यापूर्वी छपरावरील पत्रे मोजून वहीत लिहावेत. जाड प्लास्टिकमध्ये दुहेरी गुंडाळून बांधलेले पत्रे पुन्हा मोजावेत. फुटलेल्यांचे तुकडे जुळवून पाहावेत. दोन्ही आकडे जुळल्यावाचून पुढे जाऊ नये.

(२) पाहणी. जागा पूर्ण कोरडी झाल्यावर करावी, कारण ओली धूळ नजरेस चकविते. दारे-खिडक्या लावून अंधार करावा व विजेरी पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून तिरपा प्रकाश टाकावा. सरळ उजेडात न दिसणारी भुकटी त्यात दिसते. भिंतींचे माथे, लोखंडी कैच्यांचे सांधे, माळा, खिडक्यांच्या कडा, विजेच्या नळ्या, पंख्यांची पाती, शहाबादी फरशीचे सांधे, पन्हाळी, पाण्याच्या टाकीचे झाकण, अंगण व मागचा बोळ ही ठिकाणे सोडू नयेत. आमच्याकडे भुकटी राहिली ती नेमकी वर, जेथे कोणी पाहिले नाही तेथे.

(३) पुसून पाहणे. ओले गडद रंगाचे फडके निरनिराळ्या जागी फिरवावे. करडा ठसा उमटला तर ती जागा पुन्हा साफ करावी व पाहणी पहिल्यापासून करावी. फडके धुऊ नये, त्याच कचऱ्यात बांधावे.

(४) हवा. जेथे पत्रे आत फोडले गेले, कोरडी झाडलोट झाली, अथवा खोलीला आतून अ‍ॅस्बेस्टॉसचे तक्ते होते, तेथे नवे छत पडून खोली बंदिस्त झाल्यावर, परंतु कुटुंब आत जाण्यापूर्वी, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून हवा मोजून घ्यावी. यात आपल्या धंद्याची एक विशेष अडचण आहे. साध्या सूक्ष्मदर्शकाच्या मोजणीत तंतू कोणत्या जातीचा, हे ओळखता येत नाही. तागाचा व कापसाचा तंतूही मोजला जातो. पोत्यांच्या वखारीत म्हणूनच आकडा फुगतो. अशा वेळी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने तंतूची जात ठरवून मागावी, आणि आपण पोत्यांचा व्यवसाय करतो हे प्रयोगशाळेस आधीच सांगावे.

(५) लेखी टिपण. तारीख, पत्र्यांची संख्या, कोणी काढले, कोणी पाहिले, कोठे काय आढळले व पुन्हा साफ केले, हे एका कागदावर सहीनिशी असावे. घर विकताना वा वाटणी होताना तो कागद दस्तऐवजांबरोबर द्यावा.

पाहणी करणारा मनुष्य कंत्राटदाराचा भागीदार, नातलग वा पगारी नसावा. गावात परवानाधारक तपासनीस मिळत नसेल, तर एखादा निवृत्त अभियंता अथवा विज्ञानशिक्षक यांस ही यादी समजावून सांगावी. त्याचा मोबदला आपण स्वतंत्र द्यावा व ‘नापास’ म्हणण्याचा पूर्ण अधिकार त्यास असावा. कंत्राटदाराचा चौथा हिस्सा पैसा पाहणी उत्तीर्ण होईपर्यंत राखून ठेवावा आणि तसे करारातच लिहावे. व्यवहारात शब्दापेक्षा राखून ठेवलेली रक्कम अधिक स्वच्छता घडविते, असा अनुभव आहे.

पत्र्यांची विल्हेवाट लावण्यापूर्वी राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी विचारणा करावी. ते भंगारवाल्यास देऊ नयेत, रस्त्यात भर म्हणून टाकू नयेत, विहिरीच्या काठी पुरू नयेत.

दुसरा प्रसंग

आमची आडत दुकानामागील वखार २०२२ मध्ये उतरविली, तेव्हा आम्ही वरील रीत पाळली. छपरावर पत्रे चौसष्ट होते. संध्याकाळी बांधलेले मोजले तर एकसष्ट भरले. कंत्राटदार म्हणाला, “मोजण्यात चूक असेल.” पूर्वीचा अनुभव नसता तर आम्हीही तसेच म्हटले असते. पाहणीकरिता बोलाविलेल्या निवृत्त शिक्षकांनी मात्र कागदावर सही करण्यास नकार दिला. दुसऱ्या दिवशी चौकशीत कळले की, आमच्याच एका जुन्या हमालाने तीन धड पत्रे घरी नेले होते. एक चुलीवर आडोसा म्हणून घातला होता. दोन मापाने कापून न्हाणी केली होती, आणि ते कापण्याचे काम त्याच्या मुलाने अंगणात करवतीने केले होते.

त्या हमालाचा यात काही दोष नव्हता. शेठजींनी टाकून दिलेली वस्तू त्याने उपयोगात आणली, इतकेच. दोष आमचा, की काय टाकून देत आहोत हे आम्ही त्यास सांगितले नव्हते. आम्ही त्यास नवे लोखंडी पत्रे दिले, जुने परत आणले, त्याचे अंगण ओले करून तो भुसा खरवडून उचलला आणि ती जागाही त्याच यादीप्रमाणे तपासली. तेव्हाच चौसष्टचा आकडा पुरा झाला व कागदावर सही झाली.

२०१३ च्या कामाची दुरुस्ती आम्ही नंतर केली. माळा रिकामा केला, यंत्राने व ओल्या फडक्यांनी साफ करविला, बोळातील खड्ड्यातील कपच्या उचलल्या. परंतु मावशींनी चार दिवस झाडलेली धूळ परत आणता येत नाही. त्यांचे वय आता झाले आहे. दरवर्षी आमच्या खर्चाने त्यांची छातीची तपासणी होते, आणि तपासणाऱ्या डॉक्टरांस आम्ही ती हकीकत सांगून ठेवली आहे. वैद्यास ही माहिती असणे फार महत्त्वाचे, नाहीतर आपल्याकडे प्रत्येक जुनाट खोकल्याची विचारपूस क्षय अथवा दमा येथेच थांबते.

असोसिएशनला विनंती

एकट्या व्यापाऱ्यास हेपा गाळणीचे यंत्र घेणे परवडत नाही, व ते आयुष्यात एकदोनदाच लागते. तेव्हा असोसिएशनने एक यंत्र सामाईक घ्यावे, चांगल्या मुखावरणांचा साठा ठेवावा, वरील पाच कलमांचा छापील तक्ता मराठी व कन्नड दोन्ही भाषांत करावा, आणि पाहणी करू शकतील अशा दोन-तीन तटस्थ गृहस्थांची नावे कार्यालयात नोंदवून ठेवावीत. खर्च एका स्नेहभोजनाहून फार अधिक येणार नाही.

पाणी गाळून पिण्याची शिकवण आपल्या घराघरात आहे. हवा मात्र गाळून घेता येत नाही. जी आहे तीच आपणांस, आपल्या मुलाबाळांस आणि आपल्याकडे राबणाऱ्या माणसांस घ्यावी लागते. म्हणून पत्रे उतरल्यावर “झाले” असे जो म्हणेल, त्यास एवढेच विचारावे की, मोजले कोणी, पाहिले कोणी आणि सही कोणाची?